साहेबांची उजवी बाजू

केस कापायच्या कोर्सचं अनुदान ठेवायचं की बंद करायचं, ते ठरवायला साहेब आले, आणि येताना डोक्यावर चांगलं रान घेऊन आले. भिंगरीला आधी ते रानच दिसलं. शाळेत तिचं मन कधी रमलं नाही. इथे कैची हातात आली आणि बोटांना जणू वाचा फुटली. कोर्स बुडाला तर आत्याच्या दुकानात दिवसभर मोबाइलची कव्हरं विकायची.

साहेब गिऱ्हाइकाच्या खुर्चीत ऐसपैस बसले आणि कोर्स शिकवणाऱ्या बाईंना समजावू लागले. "आता नवीन प्रमाणपत्र येतंय. केस, सुतारकाम, स्वयंपाक, सगळं एकात. परीक्षा संगणकावर."

"केस पण संगणकावर कापायचे?" बाईंनी विचारलं.

"पर्याय निवडायचा. चार असतात."

"आणि गिऱ्हाईक?"

"त्याचा अजून विचार झालेला नाही."

"मग जुनं एकदा बघून तरी जा. बसलाच आहात."

दुपारी मंत्र्यांपुढे उभं राहायचं होतं. फुकटात नीटनेटकं होतंय, तर कशाला सोडा? साहेबांनी टाय सैल केला.

भिंगरीने पाणी शिंपडलं, भांग पाडला. कंगवा चाले पुढे, कैची चाले मागे. बट उचलावी, बट सोडावी, कानामागचं वळण हलक्या हाताने घ्यावं. डावा कान उजेडात आला. साहेबांनी आरशात पाहिलं आणि लग्नाळू मुलासारखे लाजले.

"छान. आता ही बाजू."

भिंगरीने कैची खाली ठेवली. "ती मला येत नाही, साहेब."

"म्हणजे?"

"सरावाच्या पुतळ्यांचे पैसे तुम्ही बंद केलेत ना, तेव्हापासून दोघींत एक डोकं. डावी बाजू माझी, उजवी मिरचीची."

"मग मिरचीला बोलव."

"तिचा भत्ताही तुम्ही बंद केलात. ती समोरच्या बेकरीत पाव भाजते."

साहेबांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी पट्टी बांधलेलं मनगट वर केलं. "मदतनीस मागितली होती. अर्ज तुमच्याच टेबलावर आहे."

आरशात डावीकडे जावईबापू बसले होते, उजवीकडे गवताची गंजी. भिंगरी धावत बेकरीत गेली.

मिरची हातांवरचं पीठ झटकत आली आणि साहेबांकडे करपलेल्या पावाकडे बघावं तसं बघून म्हणाली, "करते की. पण माझं नाव कमी झालंय. नाव नसेल त्याने इथल्या कैचीला हात लावायचा नाही, दारावर पाटीच आहे."

"कोणी लावली?"

"तुमच्या ऑफिसने."

साहेबांनी घड्याळ बघितलं आणि फोन काढला. "हं, तो केसांचा कोर्स. बंद नको. एक वर्ष राहू दे, भत्त्यासकट. का म्हणजे? मी सांगतोय म्हणून. नाही, व्हिडिओ कॉल लावू नकोस."

"वर्षच?" मिरचीने विचारलं.

"वर्षच. पुढचं पुढे."

मिरचीने हात धुतले, कैची उचलली. भिंगरी बघत राहिली. इतके दिवस दोघी समोरासमोर उभ्या होत्या, पण मध्ये पुतळ्याचं डोकं. मैत्रिणीचा हात कसा वळतो, ते तिने कधी पाहिलंच नव्हतं. पाण्यावरून वारा जावा तसा जात होता.

"अगं, तिथे काय उभी? इकडे ये," मिरची म्हणाली. "ही बाजू शिकून घे. यांच्या वर्षाचा काय भरवसा."

"मला ऐकू येतंय," साहेब म्हणाले.

"मान हलवू नका," दोघी म्हणाल्या.