अर्धा लिटर ऊन

ग्वेनोलाच्या पत्राला उत्तर द्यायचे राहिले त्याला येत्या सप्टेंबरात अठरा वर्षे होणार होती, आणि आता ती स्वतःच येणार होती. तेही आब्दोनची मोपेड मागायला.

"फेर्मांचा फोन होता," त्याची बायको ओनोरीन स्वयंपाकघरातून ओरडली. "भट्टीवरून. शनिवारी ती ब्रिटनी प्रांताकडची मुलगी येतेय म्हणे. तुझ्या खटाऱ्यात घालायला पेट्रोल घेऊन."

"पेट्रोल?"

"उन्हाचं. मला काय विचारतोस, तुझीच माणसं ती. मी हो सांगून टाकलंय."

आब्दोन बागेतल्या शेडच्या दारात तसाच उभा राहिला. आत ती निळी मोपेड बटाट्याच्या पोत्यांना टेकून उभी होती. हिच्यावरूनच तो एकतीस वर्षे रोज सकाळी वर सौरभट्टीवर कामाला गेला होता. नव्या गाड्यांना कसले कसले संगणक असतात. हिला पेट्रोल आणि ठिणगी एवढेच कळायचे. म्हणून हिची निवड झाली असणार. मालकाची नव्हे, असे त्याने स्वतःला बजावले.

पत्र घरातच होते, जाड शब्दकोशात, सापडू नये अशा पानात. ते काढायची गरज नव्हती. त्याला पाठ होते.

'मस्यू आब्दोन, नोंदवहीत एक वाजून बारा मिनिटांनी तुमच्या अक्षरात "ढग" असे लिहिले आहे. माझ्या ऊन मोजणाऱ्या यंत्रावर मात्र त्या वेळी ढग नाही. मी रागावून विचारत नाही. तेव्हा नेमके काय झाले होते, एवढेच कळवाल का?'

त्याचे काम आभाळ बघण्याचे होते. समोरच्या उतारावरचे सपाट आरसे ऊन उचलून इमारतीएवढ्या अंतर्वक्र आरशाकडे धाडायचे, आणि तो ते सगळे मनोऱ्यावरच्या एका ठिपक्यात गोळा करायचा. त्या ठिपक्यात पोलाद मेणासारखे वितळे. मनोऱ्याला दोन लोखंडी दारे होती, आणि दारांची मूठ आब्दोनच्या हातात. कार्लितच्या शिखरामागून ढग निघाला की तो ओरडे, "सहा मिनिटं!" आणि दारे हळूहळू लावत आणी. ऊन एकदम गेले तर आतली पांढरीशुभ्र तापलेली भांडी तडकत. एकतीस वर्षांत त्याच्या हातून एकही भांडे तडकले नव्हते. पण ही काही सांगायची गोष्ट आहे, असे त्याला कधी वाटले नाही.

ग्वेनोला तेव्हा सव्वीस वर्षांची, प्रबंधासाठी आलेली. तिच्या रिअॅक्टरमध्ये सिरियमच्या ऑक्साइडचा एक जाळीदार तुकडा असे, पावाच्या तुकड्यासारखा. "तापवला की हा श्वास सोडतो मस्यू आब्दोन, ऑक्सिजन बाहेर टाकतो," ती सांगायची. "मग थोडा निवू द्यायचा, आणि वाफ आणि कार्बन डायऑक्साइड आत सोडायचा. हा अधाशासारखा त्यातला ऑक्सिजन ओढून घेतो. मागे उरतो जळणारा वायू. त्याचं पेट्रोल होतं. एक दिवस होईल!" इतक्या उत्साहाने त्याच्याशी तिथे दुसरे कोणी बोलत नसे.

त्या दिवशी आभाळ धुतल्यासारखे स्वच्छ होते. हंगामातला तिचा शेवटचा दिवस. एक वाजून बारा मिनिटांनी पाकोळीचे एक पिल्लू, घरट्यातून नुकतेच निघालेले, त्या प्रकाशाच्या कडेशी घिरट्या घालू लागले. अजून दोन हात आत, की पिसे पेटली असती. आब्दोनने विचार केलाच नाही. दारे अर्धी लावली. चार मिनिटांनी पिल्लू गोंधळून खालच्या कुरणाकडे उडाले, आणि त्याने दारे उघडली. मग वहीत काय लिहायचे? पाकोळी? एका मुलीचा अख्ख्या वर्षाचा प्रयोग पाकोळीसाठी? त्याने लिहिले, ढग.

पत्र आल्यावर त्याने उत्तराला अकरा वेळा सुरुवात केली. कधी वाक्य उद्धट वाटे, कधी रडके. मग वर्ष उलटले. पुढे उशिराबद्दलची माफीच उत्तरापेक्षा मोठी व्हायला लागली.

शुक्रवारी सकाळी ओनोरीन कोबी चिरत असताना तो टेबलाच्या दुसऱ्या टोकाला कागद घेऊन बसला.

"ती उद्या इथे येतेय," ओनोरीन म्हणाली. "तोंडानं सांग की."

"तोंडानं सांगता आलं असतं तर अठरा वर्षं लागली असती?"

"आणि लिहून सांगता आलं असतं तर?"

त्याने लिहिले, 'मादाम, ढग नव्हता. पाकोळीचे पिल्लू होते. दारे मी चार मिनिटे अर्धी लावली होती. मला क्षमा करा.' चार वाक्ये. जास्त लिहिले तर बिघडेल म्हणून त्याने लगेच पाकीट बंद करून तिकीट लावले. तिच्या हातातच द्यायचे असले तरी तिकीट असलेले बरे. ऐनवेळी धीर सुटला तर पोस्ट होते.

शनिवारी भट्टीसमोर चाळीसेक माणसे जमली होती. फेर्मां, ज्याने आब्दोनच्या नंतर दारांची मूठ घेतली, त्याने टाकी पुसून ठेवली होती. ग्वेनोलाचे केस पुढून पांढरे झाले होते. तिने दोन्ही हातांत एक काचेची बाटली धरली होती. आत पाण्यासारखे स्वच्छ काहीतरी.

"अर्धा लिटर," ती म्हणाली. "सतरा दिवसांचं ऊन."

"त्यात तेल मिसळायला हवं," आब्दोन म्हणाला. "नुसतं घालाल तर इंजिन जाम होईल. दोन मोठे चमचे."

सगळे त्याच्याकडे बघू लागले. तो कानापर्यंत लाल झाला.

"ऐकलंत?" ग्वेनोला हसली. "आम्ही पंधरा डॉक्टर, आणि हे कोणाच्या लक्षात आलं नाही!"

फेर्मां तेल आणायला धावला. ती दोघे मोपेडपाशी उरली. पाकीट कोटाच्या आतल्या खिशात होते. हात तिकडे गेला आणि परत आला.

"तो शेवटचा दिवस आठवतो तुम्हाला?" तिने विचारले. "त्या दिवशी निघाला तेवढा वायू पुढे सहा वर्षं आम्हाला काढता आला नाही. पण आलेखात मधेच एक खड्डा. परीक्षक म्हणाले, कारण सांगा. मला सांगता येईना. रिअॅक्टरचाच दोष असं धरून अख्खा दिवस प्रबंधातून काढून टाकला."

"आणि... तो रिअॅक्टर?"

"माझ्या तळघरात आहे. मी त्याच्याशी बोलत नाही." ती हसत होती, पण पूर्ण नाही. "माझं पत्र मिळालं होतं, मस्यू आब्दोन?"

"हो."

"मग?"

आब्दोन टाकीचे झाकण फिरवत म्हणाला, "उत्तर... येतंय."

"बरं," ती मऊपणे म्हणाली. "मी वाट बघते."

तेल आले, मिश्रण टाकीत गेले. आरशांभोवती एक फेरी मारून परत यायचे, असे ठरले होते. आब्दोनने पायडल मारले. एकदा. दोनदा. ओनोरीन गर्दीतून ओरडली, "अगं चल, भवाने, आज तरी लाज राख!" तिसऱ्याला मोपेड खोकली, थरथरली, आणि फटफटू लागली. टाळ्या, शिट्ट्या, कोणीतरी टोपी उडवली. ग्वेनोला दोन्ही हातांनी तोंड झाकून उभी होती.

आब्दोन आरशांच्या पहिल्या रांगेवरून गेला, दुसऱ्या रांगेवरून गेला. प्रत्येक आरशात एक म्हातारा निळ्या मोपेडवरून चालला होता, आणि तो हसत होता. फेरीच्या शेवटी डावीकडे वळायचे होते. त्याने हँडल उजवीकडे वळवले.

"आब्दोन!" फेर्मांचा आवाज मागून आला. "इकडे! ते फाटक आहे!"

"पळवलं!" ग्वेनोला हसून हसून ओरडत होती. "माझं अठरा वर्षांचं काम पळवलं!"

उतारावर गार वारा छातीवर येत होता. दोन्हीकडे कुरणे कापलेली, गवताचा ओला वास. बेकरीसमोरच्या पोस्टाच्या पिवळ्या पेटीपाशी तो थांबला. इंजिन मात्र बंद केले नाही. बेकरीणबाई पाव कापायचे सोडून दारात आली.

"काय हे मस्यू आब्दोन, भर दुपारी कसला फटफटाट? टाकीत घातलंय तरी काय?"

"ऊन," तो म्हणाला.

त्याने पाकीट काढले. पत्ता तिच्या शहरातल्या प्रयोगशाळेचा, मंगळवारपर्यंत पोहोचेल. पेन्सिल काढून, थरथरणाऱ्या सीटवर पाकीट टेकवून, त्याने मागच्या बाजूला आणखी एक ओळ लिहिली: 'रिअॅक्टरचा काही दोष नाही. त्याच्याशी बोला.' अक्षर वाकडेतिकडे आले. त्याने ते तसेच राहू दिले.

मग त्याने पेटीची झडप उचलली आणि पाकीट सोडले. ते आत पडल्याचा आवाज त्याला आला नाही. इंजिन चालू होते.