अर्धा ढोल

"येत नाहीये तो," पैलवान धापा टाकत म्हणाला. "बस वाटेत बंद पडलीय. आता चौकात माणूस मावत नाही, आणि आपला ढोलवाला बसला असेल रस्त्याकडेच्या दगडावर."

टेलर आपल्या घरच्या खाऊच्या गाड्यामागे स्टुलावर बसले होते. बायको आणि सून कढईशी उभ्या होत्या. सुगीच्या मेळ्याचा दिवस. गोड गोळे तळून होईपर्यंतसुद्धा लोकांना धीर नव्हता. बाजूच्या गाड्यावर कणसं भाजत होती, पलीकडे मटणाच्या रश्शाचं पातेलं रटरटत होतं, आणि सगळ्या वासांची अशी खिचडी झाली होती की पोट भरलेल्यालाही पुन्हा भूक लागावी.

पैलवान म्हणजे गाणाऱ्या मंडळींचा म्होरक्या. अंगाने काडी म्हणून नाव पैलवान. आवाज मात्र चौकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. टेलर आणि तो मिसरूड फुटल्यापासूनचे सोबती. वर्षभर टेलर लोकांच्या पँटी आणि बाह्या तोकड्या-लांब करायचे, पण मेळ्याच्या दिवशी तेच राजे. त्यांनी ढोलावर थाप मारली की म्हाताऱ्यांचेही गुडघे ऐकत नसत.

गेल्या हिवाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. शिलाई मशीन झाकून ठेवलं. यंदा ढोल वाजवायला परगावचा माणूस ठरला. टेलर तर घराबाहेर पडायलाच तयार नव्हते; आज बायकोने जवळजवळ ओढूनच आणलं होतं. हातावर शाल होती. उकाड्यातसुद्धा.

"मग भोंग्यावर गाणी लावा," टेलर म्हणाले.

"कमिटीवाले तेच म्हणतायत. यंदा भोंगा, पुढच्या वर्षीही भोंगा, कटकट नको. अरे पण भोंगा नाचणाऱ्याचे पाय बघतो का? तू बघायचास. एखाद्याचा पाय अडखळला की तू थांबून त्याला सांभाळून घ्यायचास."

"मी आता काय, अर्धा ढोल वाजवू?"

तोवर झाऱ्यातले गोळे परातीत टाकत सून सहज म्हणाली, "बाबा, उजवी बाजू मला येते की."

टेलर तिच्याकडे बघतच राहिले. खरं होतं ते. डॉक्टरांनी हाताला रोज व्यायाम सांगितला होता. नुसतं हात वर-खाली करायचा टेलरांना कंटाळा यायचा, म्हणून बेकरीतून आल्यावर सून त्यांचा उजवा हात आपल्या मुठीत धरायची आणि ते तोंडाने बोल म्हणतील तसा टेबलावर आपटायची. त्यांची बोटं हलली नाहीत ती नाहीतच, पण तिच्या मनगटात सगळी गाणी उतरली. फक्त उजव्या हाताची. डाव्या हाताला व्यायामाची गरज नव्हती, त्यामुळे ती बाजू तिला ठाऊकच नव्हती.

"टेबल वेगळं आणि ढोल वेगळा," टेलर म्हणाले.

"ते तर आहेच. टेबल तुटलं तर सासूबाई ओरडतात."

सासूबाईंनी तिच्या हातातला झारा काढून घेतला. "जा दोघं. गाडा मी बघते. आणि अहो, ती शाल इथे ठेवा. तेलाचे हात पुसायला होईल."

टेलरांना राग आला, हसूही आलं. शाल त्यांनी स्टुलावर ठेवली.

मंडपातल्या स्टेजवर ढोल बाकावर आडवा ठेवला. एका बाजूला टेलर, दुसऱ्या बाजूला पीठ लागलेल्या ओढणीची सून, हातात काठी. समोर माणसांचा समुद्र. कुणीतरी शिट्टी मारली. कुणीतरी म्हणालं, "टेलरनं जोडकाम काढलं रे." हशा पिकला. टेलरांची कानशिलं तापली. सगळ्यांना त्यांचा लोंबता हात दिसत होता.

पैलवानाने सूर लावला. टेलरांनी डाव्या तळव्याने पहिली थाप दिली आणि अंगातून कळ नाही, वीजच गेली. सुनेची काठी एक मात्रा आधीच पडली. पुन्हा तेच. लोक चुळबुळले.

"पळतेयस कुठे? बस चुकणार आहे का?" टेलर ओठांतल्या ओठांत म्हणाले. "माझ्याकडे बघू नकोस. त्या लाल लुगड्यातल्या बाईचे पाय बघ."

तिने पाहिलं; बाईचा पाय उभ्या जागी ठेका धरत होता. काठी जागेवर आली. मग तिचा टणत्कार आणि त्यांचा घुमार असे एकमेकांत बसले की एकच माणूस वाजवतोय असं वाटावं. लाल लुगड्यातली बाई नाचायला लागली, तिच्या मागे तिचा नवरा, त्याच्यामागे अख्खी रांग. दुसऱ्या गाण्याला चौकात फेर धरला गेला. धुरळा उडाला. टेलर घामाने निथळत होते आणि लहान पोरासारखे हसत होते. सुनेची बट तोंडावर आली होती, ती फुंकरीने उडवत होती, आणि काठी काही थांबत नव्हती. बेकरीतलं मनगट ते. रोज पोतंभर पीठ मळणारं.

शेवटचं गाणं सर्वांत जलद. अर्ध्यावर टेलरांचा डावा हात जड व्हायला लागला. इतके महिने त्या एकट्यानेच दोन्ही हातांची कामं ओढली होती. एक थाप निसटली, मग दुसरी. पैलवानाने गाता गाता त्यांच्याकडे पाहिलं, लय कमी करू का, असं. टेलरांनी मान हलवली. नाही.

त्यांनी ढोलावरून हात उचलला.

सून घाबरली. "बाबा?"

"थांबू नकोस. तुझी बाजू सोडू नकोस."

एकटी काठी वाजू लागली. टण, टण आणि मध्ये रिकामी जागा. क्षणभर सगळा फेर त्या रिकाम्या जागेत अडखळला. मग लाल लुगड्यातल्या बाईने तिथे टाळी टाकली. पुढच्या वेळी दहा जणांनी. त्याच्या पुढच्या वेळी सबंध चौकाने, आणि पैलवानाचा आवाज त्यावर असा चढला की भोंग्याजवळ उभे असलेले कमिटीवालेही हात पुढे करून टाळ्या देऊ लागले.

टेलर पायऱ्या उतरून गर्दीत आले. इतकी वर्षं वाजवलं, पण आपली गाणी समोरून कशी ऐकू येतात ते त्यांना माहीतच नव्हतं. त्यांनी सवयीने डावा हात उचलला आणि तो हवेतच राहिला. एका हाताने टाळी वाजत नाही.

गाडा सोडून बायको शेजारी येऊन उभी राहिली होती. चेहरा कढईच्या धगीने लाल. ती स्टेजकडेच बघत होती. त्यांच्याकडे न पाहता तिने आपला तळवा पुढे धरला.

टेलरांनी त्यावर थाप दिली. अचूक, त्या रिकाम्या जागेवर.