एकाच उखाण्याचे घर

आमच्या घराचे दार माझ्या पत्नीच्या उखाण्याने उघडते. लग्नाच्या दिवशी माझ्या बहिणीने अनुसयेला उंबरठ्यावर अडवले, तेव्हा तिने जो उखाणा घेतला तोच दाराने परवलीचा शब्द म्हणून कायमचा स्वीकारला.

"पितळी डब्यात आवळ्याची फोड, भिकाजीरावांचं नाव गुळाहून गोड."

एकच शब्द असला म्हणजे विसरण्याची भीती नाही, या विचाराने मी तो कपाटाला, ट्रंकेला आणि मोबाईललाही शिकवला. एकोणीस वर्षे अनुसया प्रत्येक हळदीकुंकवाला हाच उखाणा घेत आली.

मंगळवारी सकाळी ती डबा घेऊन गिरणीत गेली. त्यानंतर एका अनोळखी गृहस्थांनी बाहेरून उखाणा म्हटला. दार उघडले.

"आपण कोण?" मी विचारले.

"भिकाजी."

त्यांनी उखाणा म्हणून कपाट उघडले, माझा सदरा घातला व माझ्या पाटावर बसले. दुपारपर्यंत असे सात भिकाजी जमले. सातव्यांनी माझ्या अंगावरचा सदरा मागितला. दाराने त्यांना ओळखले होते, सबब मला नकार देता आला नाही.

मला दारामागचा कोपरा तेवढा उरला. तेथे मी फळीला ओठ टेकवून, कोणीही कधी न ऐकलेला नवा उखाणा दाराला शिकवला. आठवे कोणी आले नाहीत. आतून बाहेर पडण्यासही आता तोच शब्द लागणार होता. मला समाधान वाटले.

मग अनुसया परतली. तिने जुना उखाणा म्हटला. दार हलले नाही.

"अहो, उघडा की. डोक्यावर ओझं आहे."

"आलो गं," सातही जण माझ्या आवाजात म्हणाले.

बाहेर शेजारच्या शेवंताबाई हसल्या. "एकोणीस वर्षं एकच उखाणा, अनुसया. आमच्या शेळीलासुद्धा पाठ झालाय."

"मी शब्द बदलला आहे," मी म्हणालो.

"मग सांगा ना."

सातही जणांनी कान माझ्याकडे वळवले. शब्द कळताच दार पुन्हा त्यांचे झाले असते, आणि दाराबाहेरची अनुसयाही.

"आत कोण आहे तुमच्याजवळ?" तिने हळूच विचारले.

"मीच," मी म्हणालो. "पुष्कळ."

तिने डोक्यावरचा डबा खाली ठेवल्याचा आवाज आला. मग दाराखालच्या फटीतून डब्याचे झाकण आत सरकले. त्यावर पिठाचा पातळ थर होता.

"बोलू नका. यावर लिहा."

मी गुडघ्यांवर बसलो, तळहाताचा आडोसा केला व पहिले अक्षर लिहिले. दुसऱ्यासाठी बोट उचलले तेव्हा पिठावर सात सावल्या पडल्या. पलीकडून अनुसयेने झाकण ओढण्यास सुरुवात केली.