आपलंच मांस

खालापूरकडच्या एका कारखान्यात वाफेचा पाइप फुटला आणि धर्माजी छातीपासून मांड्यांपर्यंत भाजला. जिवावरचं तेवढ्यावर निभावलं, असं सगळे म्हणाले. त्याच्या बायकोला, चंद्रभागालाही तसंच वाटलं होतं. पण तिसऱ्या आठवड्यात त्याचा दंड तिच्या एका मुठीत मावला.

दूध, अंडी, पावडर, सगळं पोटात जात होतं. माणूस मात्र वाळतच चाललेला. तिने हॉस्पिटलात जेवणाचं बघणाऱ्या रूपालीला गाठलं.

"खरं सांगा, बाई. माज्या माणसाला तुमी उपाशी ठेवलाय का?"

रूपाली रागावली नाही. स्टूल ओढून बसली. "मावशी, एवढा मोठा मार बसला की शरीर बाहेरच्या अन्नावर थांबत नाही. आपलंच मांस मोडून जाळायला घेतं. लघवी तपासून आम्ही रोज मोजतो, किती गेलं ते."

तिथे एका औषधाची चाचणी चालू होती. कीटोन म्हणायचे त्याला. शरीराला जाळायला ते दिलं, तर मांस कदाचित वाचेल.

"कदाचितच हां," रूपाली म्हणाली. "आम्हालाही अजून ठाऊक नाही."

खाटेवरून धर्माजी म्हणाला, "पाजा. माजं तर तसंबी जातंयच."

औषध जहर कडू. पहिल्या दिवशी ओकलाच. मग प्रत्येक घोटामागे चंद्रभागा त्याच्या जिभेवर मोसंबीची फोड पिळायची. "अजून एक. एवढा घ्या, मग नाय सांगत." तो डोळे मिटून गिळायचा.

नवव्या दिवशी लघवीतला आकडा थोडा उतरला, म्हणजे मांस कमी जळलं. तिने भिसेगावला लेकीला, मनालीला फोन लावला आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

दोनच दिवसांनी जखमेत पू झाला, ताप चढला. चार दिवसांत धर्माजी गेला. कपडे बदलताना तिने त्याला एकटीने उचललं, कुणाला हाक मारावी लागली नाही.

जलदानविधीनंतर रूपाली घरी आली.

"त्या औषधानं गुण आला होता का नाय?" चंद्रभागाने विचारलं.

"एका माणसावरून नाही सांगता येत, मावशी."

"मंग किती मानसं लागतील?"

"अजून चाळीस तरी."

चंद्रभागाने मान हलवली. मग पदर तोंडाशी धरून इतक्या दिवसांनी ती पहिल्यांदा मोठ्याने रडली.