धारोष्ण दुधात मी बुडालो

मित्रांनो, मला पोहता येत नाही, पण किती बुडायचं ते मात्र बरोबर कळतं. माझं सगळं शिक्षण एवढंच. पवनानगरच्या अलीकडे, रस्त्याला लागून एक दूध संकलन केंद्र आहे, तिथला मी लॅक्टोमीटर. पूर्ण नावाने मला कुणीच बोलावत नाही, सगळे आपले 'लॅक्टो' म्हणतात. कधी एखादा पर्यटक आत डोकावतो आणि मला बघून म्हणतो, "अरे, केवढा मोठा थर्मामीटर!" मी थर्मामीटर नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जो घोटाळा झाला तो मी थर्मामीटर नसल्यामुळेच झाला.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका कारखान्यात झाला. एका कारागिराने काचेची नळी ज्योतीवर धरली, मऊ झाल्यावर फुंकर मारली आणि मला पोट आलं. पोटात शिशाचे बारीक छर्रे भरले, म्हणजे मी उभा तरंगेन. वरच्या बारीक मानेत आकडे छापलेला कागद सरकवला आणि तोंड कायमचं बंद केलं. बारा जणांच्या खोक्यातून आम्ही निघालो. इथे पोचेपर्यंत तिघे फुटले होते.

माझं काम समजायला सोपं आहे. दूध दिसतं एकच, पण ते मिश्रण असतं. त्यातलं बहुतेक पाणी. त्या पाण्यात एक प्रकारची साखर आणि क्षार पूर्ण विरघळलेले असतात, म्हणजे ते द्रावण झालं. स्निग्धांशाचे थेंब मात्र विरघळत नाहीत, नुसते तरंगत असतात, म्हणून तर दूध ठेवलं की साय वर येते. विरघळलेल्या गोष्टींमुळे दूध पाण्यापेक्षा जड असतं. जड दूध मला वर उचलून धरतं आणि माझ्या मानेवर मोठा आकडा दिसतो. त्यात पाणी घातलं की दूध हलकं होतं, मी खोल जातो, आकडा उतरतो. त्या आकड्याला इथे 'डिग्री' म्हणतात. सव्वीस किंवा वर असली की दूध घेतात. खाली गेली की कॅन परत.

मला फसवता येत नाही असं मात्र समजू नका. पुष्कळ वर्षांपूर्वी एकाने दुधात पाणी घातलं आणि वर साखर विरघळवली. विरघळलेल्या साखरेने दूध पुन्हा जड झालं आणि मी मजेत अठ्ठावीसवर तरंगलो. सगळ्यांनी त्याच्या म्हशीचं कौतुक केलं. शेवटी त्याच्या कॅनच्या झाकणाभोवती मुंग्यांची रांग लागली तेव्हा कळलं. त्या महिन्यात माझ्यापेक्षा मुंग्यांना जास्त मान होता.

केंद्र चालवतात सीताराम भाऊ. त्यांनी मला बावीस वर्षं रोज सकाळ-संध्याकाळ दुधात सोडलं, धुतलं, पुसलं. त्यांच्या हातून मी एकदाही पडलो नाही. मग चार वर्षांपूर्वी मशीन आलं. कपभर दूध ओतलं की लाल आकडे दिसतात आणि चिठ्ठी बाहेर येते. मला ड्रॉवरमध्ये ठेवलं. तिथे सुतळीचा गुंडा होता, सुकलेलं स्टॅम्पपॅड होतं आणि दुधाचा थर्मामीटर होता, जो केंद्रात आल्यापासून कुणी वापरलाच नव्हता. आम्ही दोघं शेजारी पडून होतो. बोलायचं काही नव्हतं.

यंदा पौषात मशीनचा पंप बिघडला आणि ते दुरुस्तीला पुण्याला गेलं. भाऊंनी ड्रॉवर उघडला, माझ्यावरची धूळ फुंकली आणि म्हणाले, "चल बाबा, तुझी ड्यूटी लागली." थर्मामीटर तिथेच राहिला.

आता अंबूबाईंची गोष्ट. अंबूबाई डोंगरावरच्या वाडीत राहायच्या. एक म्हैस, भुरी तिचं नाव. पहाटे धार काढायची, कॅन डोक्यावर घ्यायचा आणि तासभर उतरून केंद्रात यायचं, असं त्यांचं कित्येक वर्षं चालू होतं. त्यांचं दूध मी अठ्ठावीसच्या खाली कधी पाहिलं नाही. या दिवाळीनंतर त्यांच्या मुलाने रस्त्याला लागून खोली बांधली आणि गोठा केंद्राच्या अगदी मागे आला. आजूबाजूला दुकानं आणि कॅम्पवाल्यांचे तंबू, त्यामुळे केंद्राला इतका लागून गोठा असा हा पहिलाच. आता धार काढली की तीस पावलांत अंबूबाई केंद्रात. सगळ्यांच्या आधी नंबर. त्याचा त्यांना फार आनंद होता.

मशीन गेल्यावर पहिल्याच सकाळी मी त्यांच्या दुधात उतरलो आणि चोवीसवर थांबलो.

"मावशी, चोवीस," भाऊ म्हणाले.

"चोवीस कसं आसंल? नीट बघा की भाऊ."

भाऊंनी दोनदा पाहिलं. दूध परत गेलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा चोवीस, पुन्हा परत. केंद्राचा नियम असा की तीनदा दूध परत गेलं तर त्या घरचं दूध कायमचं बंद आणि बाहेरच्या फळ्यावर 'पाणी घातल्याबद्दल' असं लिहून नाव. या बाजूला दुसरं केंद्र नाही. भुरीच्या दुधावरच अंबूबाईंचं घर चालायचं, आणि नावाचं तर काय सांगू, गावात फळा सगळे वाचतात.

रांगेत हौशीराम होता. धरणाच्या पलीकडच्या काठावरून तो मोटारसायकलला कॅन लटकवून यायचा. त्याची जीभ गाडीपेक्षा जोरात पळते.

"मावशी डोंगरावर व्हती तवा दूध घट्ट व्हतं," तो म्हणाला. "आता काय, नळ जवळ आला."

"नळाला पाणी कुटं येतंय रं? आठवड्यातनं दोनदा. त्यातलं तुला प्यायला देऊ का दुधात घालू?"

लोक हसले. अंबूबाई हसल्या नाहीत. भाऊंना म्हणाल्या, "उद्या म्हस हितं आणते. तुमच्या म्होरं धार काढते. मग काय लिवायचं ते लिवा."

तिसऱ्या दिवशी खरंच भुरी केंद्राच्या दाराशी उभी होती. थंडी इतकी की सगळ्यांच्या तोंडातून वाफ निघत होती. अंबूबाईंनी कॅन उलटा करून दाखवला, कोरडा होता. मग खाली बसल्या. पण एवढ्या माणसांत भुरी पान्हा सोडेना.

"हौशा, मागं सर. आन् गाडी बंद कर, तिला धूर सोसत न्हाई."

हौशीरामने निमूट गाडी बंद केली. पुढ्यात आंबोण ठेवलं, कासेला कोमट पाणी लावलं, पाठीवर हात फिरला, आणि थोड्या वेळाने धार लागली. फेसाळ, वाफाळतं दूध. धारोष्ण म्हणतात तसं. भाऊंनी ते तिथल्या तिथे उंच नळकांड्यात ओतलं आणि मला सोडलं.

मी बुडालो. चोवीस.

सगळ्यांनी वाकून पाहिलं. मग हौशीराम म्हणाला, "म्हंजे म्हशीनंच पाणी घातलं व्हय?"

"हा लॅक्टोच खराब झालाय," भाऊ म्हणाले. त्यांनी मला धुतलं आणि हौशीरामच्या दुधात सोडलं. सत्तावीस. त्याच्या मागच्या तिघांच्या दुधात सोडलं. अठ्ठावीस, सत्तावीस, अठ्ठावीस. मग मी खराब कसा? आता फेकायचं कुणाला, मला की अंबूबाईंना, एवढाच प्रश्न उरला होता. मी कुणाची बाजू घेत नाही. घेता येतच नाही, मित्रांनो. दूध जेवढं उचलेल तेवढाच मी वर.

भाऊंच्या हातात खडू होता, पण फळ्यावर नाव लिहायला दूध संस्थेचे अध्यक्ष आबा हजर लागतात आणि आबा बसने यायचे होते. भाऊंनी मला पुन्हा भुरीच्या दुधात सोडलं. "आबांनाच दाखवतो," म्हणाले आणि चहाला गेले.

अंबूबाई मात्र नळकांड्यासमोर बसून राहिल्या. "कुनी हात लावायचा न्हाई. न्हाईतर म्हनाल, आता पानी घातलं." त्या माझ्यावरून नजर काढत नव्हत्या. माझ्याकडे इतका वेळ सलग कुणीच कधी पाहिलेलं नाही. अर्धा तास झाला असेल.

"भाऊ," त्यांनी हाक मारली. "ह्यो वर आलाय."

"कोण?"

"ह्यो काचंचा. मला आकडा वाचाया येत न्हाई, पर रेघा येत्यात. मगाशी बुडला व्हता तिथनं चार रेघा वर आलाय."

भाऊ आले आणि वाकून पाहिलं. अठ्ठावीस.

"हात कुणी लावला?"

"लावनार कोन? सगळी हितंच चहा प्यायला लागल्यात की."

भाऊंची मुलगी चैताली नववीत आहे. शाळेच्या बससाठी ती दप्तर घेऊन उभी होती. तिने नळकांड्याला हात लावला. "पप्पा, हे तर गार झालंय." मग मला बाहेर काढून माझ्या मानेतला कागद अगदी डोळ्यांजवळ नेऊन वाचला. आकड्यांच्या खाली मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेलं आहे, सत्तावीस अंश सेल्सिअस. सव्वीस वर्षांत ते कुणी वाचलं नव्हतं.

"म्हणजे हा सत्तावीस अंशालाच खरं बोलतो," ती म्हणाली. "मघाशी दूध म्हशीच्या अंगाइतकं गरम होतं. गरम झालं की ते पसरतं, हलकं होतं. आणि फेस बघितलात ना? धारेबरोबर हवा आत जाते, तिचे बारीक बुडबुडे दुधात अडकतात. मग हा बुडणारच. थंड झालं, बुडबुडे निघून गेले, आला वर."

"मग आधी इतकी वर्षं कसं बरोबर लागायचं?" भाऊंनी विचारलं.

उत्तर अंबूबाईंनीच दिलं. "तवा मी तासभर चालत येत व्हते. दूध वाटंतच निवायचं."

चैतालीने ड्रॉवरमधून तो थर्मामीटर आणला. हौशीरामच्या दुधात घातला. बावीस अंश. पहाटेच्या वाऱ्यात गाडीवर ते चांगलंच गारठलं होतं. "थंड दूध जड होतं, म्हणून हा जरा जास्तच वर राहतो," ती म्हणाली. "एक डिग्री कमी धरायची. तुमची सव्वीस, काका."

सव्वीस म्हणजे अगदी काठावर. हौशीरामने कॅनचं झाकण लावलं आणि गाडी कुठे लावली ते बघायला गेला.

इतक्यात आबा आले. "कुणाचं नाव लिहायचं आहे?"

"कुणाचंच नाही, आबा," भाऊ म्हणाले. "चूक झाली."

"न्हाई," अंबूबाई म्हणाल्या. "माजं नाव लिवा."

भाऊंनी ठेवलेला खडू त्यांनी उचलून पुढे केला.

"दोन दिस माजं दूध परत गेलं, ते समद्यांनी बघितलं. चूक झाली हे मातर हितल्या पाच जनांनीच ऐकलं. फळा सगळे वाचत्यात. लिवा."

भाऊंनी लिहिलं. चैतालीने अंबूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं: 'अंबूबाई यांचे दूध चोख आहे. चूक केंद्राची.'

"चूक केंद्राची, ते जरा मोठ्या अक्षरात," अंबूबाई म्हणाल्या. भाऊंनी ते पुसून पुन्हा लिहिलं. भुरीला घेऊन अंबूबाई घरी गेल्या. त्या दिवसापासून त्यांचा नंबर पहिला नसतो. सगळ्यात जवळ राहणाऱ्या त्या, आणि दूध निवेपर्यंत पायरीवर अर्धा तास बसून असतात त्याही त्याच.

मशीन दुरुस्त होऊन आलं आहे. मी पुन्हा ड्रॉवरमध्ये आहे, पण या वेळी धुऊन, फडक्यात गुंडाळून, आणि थर्मामीटर त्याच फडक्यात. मित्रांनो, काचेची वस्तू जपून हाताळा, एवढं तर तुम्हाला सगळेच सांगतात. मी आणखी एक मागतो. मोठे आकडे वाचता तसं खालचं बारीक अक्षरही वाचा. आणि एखाद्याचं नाव फळ्यावर लिहिण्याआधी माझ्यावर विश्वास जरूर ठेवा, फक्त दूध निवल्यावर.