पंपाशेजारचं स्टूल

"साहेब, दवाखान्यात फोन करा आणि तो पंप बदलायला सांगा. आत्ताच्या आत्ता," आत्या दारातूनच म्हणाली.

"कुठला पंप?" साहेबांनी मान वर केली नाही.

"लहान बाळांचा. नळी अडली तर तो वेळेवर ओरडणार नाही."

"अडली तर! आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं." साहेब आपल्याच विनोदावर हसले. एरवी आत्याही हसली असती. आज ती हसली नाही.

ऑफिसात सगळे तिला आत्या म्हणत, कारण दुसऱ्याच्या संसारात नाक खुपसून चुका काढायचा मान तिचा होता. कंपनी औषधाचे पंप बनवायची. सलाईनची नळी पंपातून जायची आणि पंप थेंबाथेंबानं औषध शिरेत ढकलायचा. पंपाला चालवणारा प्रोग्राम ज्यांनी लिहिला ते केव्हाच नोकरी सोडून गेले होते. त्यांचा पसारा आवरत राहणं हीच आत्याची नोकरी.

त्या प्रोग्रामात एक मूळ पंप होता आणि त्याच्या पोटी जन्मलेली पोरं होती: मोठ्या माणसांचा पंप, घरी न्यायचा पंप, बाळांचा पंप. पोरांना आईकडून सगळं आयतं मिळायचं. जे वेगळं करायचं, तेवढंच ज्यानं त्यानं स्वतःचं लिहायचं. बाळाच्या पंपानं एकच गोष्ट वेगळी लिहिली होती. नळी दुमडली की मोठ्यांचा पंप दाब बराच वाढेपर्यंत वाट बघतो. बाळाला एवढी उसंत नसते, म्हणून त्याचा पंप लगेच ओरडायचा.

मध्यंतरी आत्यानं आईच्या, म्हणजे मूळ पंपाच्या, तपासणीत एक सुधारणा केली. नळी अडली का हे बघताना औषधाचा वेगही विचारात घ्यायचा. सुधारणा चांगली होती, साहेबांनी चारचौघांत शाबासकी दिली. बाळाच्या पंपाची तपासणी मात्र वेग विचारत नव्हती, ती जुन्या बेताचीच राहिली. झालं! दोघींचे प्रश्न जुळेनात, म्हणून संगणकानं त्या दोन तपासण्यांचं नातंच तोडून टाकलं. बाळाची तपासणी जागच्या जागी होती, पण तिला हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. तिच्या जागी आईचीच चालू लागली. कुठे चूक दिसली नाही, कोणी कुरकुरलं नाही. बाकीचे पंप आत्यानं तपासून घेतले. बाळाचा घेतला नाही, कारण त्याच्या कोडला कोणी हातच लावला नव्हता. ज्याला हात लावला नाही ते कशाला बिघडेल, असं भल्याभल्यांना वाटतं.

असली तुटलेली नाती हुडकणारं एक अवजार आत्या कित्येक महिने सवडीनं बनवत होती. त्याचं नाव तिनं ठेवलं होतं चुगलखोर. "आईत बदल केला की कुठल्या पोराचं काय तुटलं, ते हा कानात येऊन सांगेल," असं तिनं बैठकीत सांगितलं तेव्हा साहेबांनी जांभई दिली होती. आज सकाळी चुगलखोर पहिल्यांदा धड चालला, आणि त्यानं पहिली चुगली केली ती आत्याचीच.

"दुरुस्ती मी केलीय," ती म्हणाली. "तुम्ही मंजुरी द्या, मी स्वतः जाऊन पंपात भरते. नवा पंप एकाच दवाखान्यात गेलाय."

"मंजुरी म्हणजे चूक कबूल करणं. पुढच्या आवृत्तीत गुपचूप जाऊ दे. तोवर तोंड उघडायचं नाही."

"चूक माझी आहे, माझं नाव सांगा."

"तुमच्या नावाला कोण विचारतंय? दारावर नाव कंपनीचं आहे."

आत्यानं पर्स उचलली आणि ती चालू लागली. साहेब मागून काहीतरी ओरडले. तिनं वळून पाहिलं नाही.

बाळांच्या वॉर्डात एकच सिस्टर होती आणि तिला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. पंप कोपऱ्यातल्या पाळण्याशी उभा होता, हिरवा दिवा लावून, शहाण्यासारखा. पाळण्यात मुठीएवढ्या तोंडाचं बाळ होतं. शेजारी त्याची आई बसली होती.

आत्यानं जमेल तसं समजावलं. सिस्टरनं डॉक्टरांना सांगितलं, डॉक्टरांनी कंपनीला फोन लावला. सिस्टर परत आली तेव्हा तिचा चेहरा बदलला होता.

"तुमचे साहेब म्हणतात पंप उत्तम आहे. आणि म्हणतात, तुमची तब्येत बरी नसते हल्ली."

इतकी वर्षं राबून हीच कमाई!

"दुसरा पंप लावा ना," आत्या कशीबशी म्हणाली.

"दुसरा असता तर गोष्ट वेगळी. हे औषध थांबलं तर बाळाचा रक्तदाब टिकत नाही. हातानं देत बसायला माणूस कुठाय?"

"मग मला इथे बसू द्या. नुसती बसते. कशाला हात लावणार नाही."

सिस्टर नाही म्हणणार, एवढ्यात बाळाची आई पहिल्यांदा बोलली. "बसू द्या त्यांना. स्वतःची चूक सांगायला कोण येतं एवढ्या लांब?"

आत्या स्टुलावर बसली. नळी बाळाच्या कोपरावरून जात होती. हात सरळ असला की ठीक, वाकला की नळी दुमडणार. तिनं कोपरावर नजर लावली. मनातल्या मनात ती बाळाला सांगत होती, हलू नकोस रे राजा, माझी लाज राख.

बाळाला काय त्याचं? दुपार कलताना त्यानं हात छातीशी ओढून घेतला.

"सिस्टर!"

सिस्टर धावत आली. नळी काटकोनात मोडली होती. तिनं ती चिमटीत धरून दाब उतरवला, हात सरळ केला, पट्टी नीट बसवली. मग ती पंपाकडे बघत राहिली. हिरवा दिवा तसाच होता. पंप चकार शब्द बोलला नव्हता.

"डॉक्टरांना परत बोलावते," ती हळू आवाजात म्हणाली. "दुसऱ्या दवाखान्यातून पंप मागवायला लावते. पण यायला वेळ लागेल."

"लागू दे."

पर्समध्ये फोन वाजू लागला. साहेबच असणार. उचलला तर नोकरी गेल्याचं कळणार होतं, न उचलला तरी ती जाणारच होती. आत्यानं वर पाहिलं नाही. तिच्या डोळ्यांत पाणी साठलं होतं आणि कोपर धूसर दिसू लागलं होतं, तिला भीती वाटली ती त्याची.

बाळाच्या आईनं आपलं स्टूल उचललं आणि पाळण्याच्या दुसऱ्या बाजूला आणून ठेवलं.

"पुसा डोळे," ती म्हणाली. "तोवर मी बघते."