ओठांवर दिसणारं नाव

तिने आईच्या डोळ्यांसमोर पुन्हा हात हलवला. डोळे उघडे होते, पण नजर तिच्या चेहऱ्यापाशी यायची आणि ओळखीचं काही न सापडल्यासारखी छताकडे परत जायची.

"आई, मी ईशा," ती मास्कमधून ओरडली.

शेजारच्या खाटेवरचा म्हातारा दचकला. आई नाही. कापड गिरणीत मागांच्या खडखडाटात जन्म काढून तिचे कान केव्हाच गेले होते, आणि आता गळ्याला छेद देऊन बसवलेल्या नळीने आवाजही नेला होता.

डॉक्टर सकाळी सांगून गेले होते, "संध्याकाळी पुन्हा बघतो. ओळखल्याची एक खूण मिळाली तरी पुढचे उपचार करू. नाहीतर मशीन किती दिवस चालू ठेवायचं, ते तुम्हालाच ठरवावं लागेल."

खिडकीतलं ऊन खाटेच्या पायाशी उतरलं होतं. लेकीने आईचा हात दाबला, गाल चोळले, जुना फोटो समोर धरला. काही नाही.

सलाइनची बाटली बदलता बदलता नर्सने विचारलं, "कागदावर लेकीचं नाव भामा आहे. मग ही ईशा कोण?"

"मीच. बदललं मी."

"का हो? चांगलं आहे की. जरा आजीबाईंच्या वेळचं वाटतं, एवढंच."

"तेवढंच पुरे होतं."

शाळेत मुलं ते नाव म्हैस रेकल्यासारखं ओढून म्हणायची. बाईंनी अर्थ सांगितला, रागीट स्त्री, आणि सगळा वर्ग तिला घाबरल्याचं सोंग करत हिंडला. तेजस्वी असाही अर्थ होतो, असं पुढे कुणीतरी म्हणालं; पण तोवर नाव तिच्या मनातून उतरलं होतं. नोकरी लागताच तिने ईशा घेतलं. छोटं, मऊ, कुणाची जीभ न अडखळणारं. सगळ्यांना आवडलं. आई तेवढी एकदा म्हणाली होती, "हे दिसत नाही गं." काहीतरी अडाणी बोलणं म्हणून लेकीने ते सोडून दिलं होतं.

काचेवर टकटक झाली. बाहेर मावशी उभी होती. आत एकालाच सोडत. मावशीने उभा जन्म आईच्या शेजारचा माग चालवला होता. तिथे आवाजाचा काही उपयोग नसायचा, सगळं बोलणं ओठांवर. आताही काचेपलीकडून तिने नुसते ओठ हलवले, "काय म्हणते?"

लेकीने नकारार्थी मान हलवली.

मावशीच्या कपाळावर आठी पडली. तिने स्वतःच्या तोंडावर तळहात धरला, त्याच्याआड काहीतरी बोलली, मग हात काढला.

"कळलं का काही? तोंड बांधून काय बोलतेस, बाई? तिला नुसतं फडकं दिसतंय."

लेकीचा हात मास्ककडे गेला. ते मुकं बोलणं तिने नावाबरोबरच मागे टाकलं होतं. रस्त्यात लोक वळून बघायचे, लाज वाटायची.

"आणि ते ईशा नको," मावशीचे ओठ म्हणाले. "ते तोंडातल्या तोंडात राहतं. भामा म्हण. जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघींनी निवडलं होतं ते. शेडच्या त्या टोकावरूनही दिसावं म्हणून. अर्थबिर्थ कुणाला ठाऊक होता?"

लेकीने मास्क ओढून काढला. खाटेवर वाकली आणि नजर चेहऱ्यापाशी येईपर्यंत थांबली. मग आवाज न काढता, कित्येक वर्षांनी, तिने स्वतःचं नाव घेतलं. ओठ मिटले, उघडले. मिटले, उघडले.

नजर छताकडे गेली नाही.

"मास्क लावा आधी," मागून नर्स म्हणाली. "डॉक्टर आलेत, दारात आहेत."

आईचे कोरडे ओठ एकमेकांना चिकटले. सुटले. धाप लागल्यावर कुणाचेही सुटतात तसे. मग हळूहळू, गंजलेलं शटर ओढावं तसे, पुन्हा मिटले.

"ताई, ऐकताय ना?"

लेकीने ऐकलं होतं. पण ती वळली नाही. वळली असती तर उरलेलं अर्धं नाव बघायचं राहिलं असतं.